एका रात्रीची तीन पंचांगे

१८ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेची बैठक दुपारी भरली, उठली आणि रात्री पुन्हा भरली. घोड्याच्या नालेसारख्या त्या टेबलाभोवती अकरा सदस्य देशांचे प्रतिनिधी होते आणि त्यांच्या जोडीला वादी-प्रतिवादी म्हणून पोर्तुगालचे वास्को गॅरिन आणि भारताचे चंद्रशेखर झा. भारतीय फौजा आदल्या रात्रीनंतर, उजाडण्यापूर्वीच गोवा, दमण आणि दीवमध्ये शिरल्या होत्या. अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन म्हणाले की, ज्या नाटकाचा शेवट या संस्थेच्या मरणात होऊ शकतो त्याचा पहिला अंक आपण आज रात्री पाहत आहोत. झा यांनी नरमाईचा सूर लावलाच नाही. सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, भारतभूमीवरचे वसाहतवादाचे उरलेसुरले अवशेष काढून टाकणे ही आमच्या श्रद्धेची बाब आहे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव मांडला की, लढाई ताबडतोब थांबवावी, भारताने सैन्य १७ तारखेपूर्वीच्या जागी मागे न्यावे आणि मग दोघांनी बोलणी करावीत. बाजूने सात मते पडली, विरोधात चार. त्या चारांत सोव्हिएत रशिया होता, म्हणून नकाराधिकाराने ठराव पडला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनी नेमका उलटा ठराव आणला होता, पोर्तुगालची तक्रारच फेटाळा असे सांगणारा. त्याला चार मते मिळाली, विरोधात सात. परिषद काहीही न ठरवता उठली. तोवर गोव्यात १९ तारीख उजाडली होती आणि भारतीय जवान पणजीत पोचत होते.

या बैठकीचा वृत्तान्त वाचताना एक गोष्ट खटकते. घटनेच्या तपशिलाबद्दल कुणाचेच दुमत नव्हते. फौजा गेल्या, हे भारत नाकारत नव्हता. पोर्तुगालची गोव्यातली शिबंदी साडेतीन हजारांच्या आसपास होती आणि ती भारताला गिळायला निघालेली नव्हती, हेही उघड होते. तरीही एकाच्या लेखी ते आक्रमण होते आणि दुसऱ्याच्या लेखी आक्रमणाचा शेवट. अशा वेळी आपण सहसा म्हणतो की, एका बाजूला नीती होती आणि दुसऱ्या बाजूला स्वार्थ. कोण कुठल्या बाजूला, हे आपापल्या देशभक्तीप्रमाणे ठरवून मोकळे होतो. माझ्या मते त्या रात्रीचा खरा वाद काळाचा होता. अन्यायाची मोजदाद कुठल्या तिथीपासून सुरू करायची? पोर्तुगालचा शक १५१०पासून सुरू होत होता, स्टीव्हन्सन यांचा १९४५पासून, आणि आफ्रिका-आशियातल्या नव्या देशांचा १४ डिसेंबर १९६०पासून. टेबल एकच असले तरी भिंतीवरची पंचांगे तीन होती, आणि ज्याच्या त्याच्या पंचांगात त्याचा मुहूर्त बिनचूक होता.

पोर्तुगालचे पंचांग सर्वांत जुने. १५१०मध्ये अफोन्सु द अल्बुकर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकला. साडेचारशे वर्षांचा ताबा हाच हक्क, आणि जिंकल्याचे पाप काळाने केव्हाच धुऊन काढले आहे, ही लिस्बनची भूमिका. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने तिला विसाव्या शतकाचा पेहराव चढवला. १९३०चा वसाहत कायदा वसाहतींना वसाहतीच म्हणत होता; पण दुसऱ्या महायुद्धानंतर हा शब्द अडचणीचा झाला, तेव्हा १९५१मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांना ‘सागरपार प्रांत’ असे नाव देण्यात आले. त्याच सुमारास ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेरी यांना सरकारी पाहुणे म्हणून आफ्रिकेत आणि गोव्यात फिरवले गेले. पोर्तुगीज माणूस उष्ण कटिबंधात इतरांसारखा मालक होऊन राहत नाही, तो तिथल्या लोकांत मिसळून जातो, हा त्यांचा सिद्धांत सालाझारला आयता मिळाला. १९५५मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. तुमच्या ताब्यात स्वशासन नसलेले प्रदेश कोणते, असे त्याला विचारण्यात आले, तेव्हा उत्तर आले, एकही नाही. आम्ही मिन्हू नदीपासून तिमोरपर्यंत एकच अखंड राष्ट्र आहोत. हा नुसता कांगावा होता असे म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण सालाझारला तो खरा वाटत होता असे मानायला जागा आहे. भारतीय सैन्य सीमेवर जमू लागल्यावर १४ डिसेंबरला त्याने गव्हर्नर-जनरल मानुएल आंतोनियु व्हासालु इ सिल्वा यांना तार केली की, शरणागती नाही. आपले सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील. केवळ फायद्यातोट्याचा हिशेब करणारा माणूस अशी तार पाठवत नाही. व्हासालु इ सिल्वा यांनी ती मानली नाही आणि हल्ला सुरू झाल्यापासून दोन दिवसांत शरणागती पत्करली. पुढे त्यांना सैन्यातून बडतर्फ करण्यात आले.

‘मिसळून राहण्या’चा अनुभव गोव्यात मात्र निराळा होता. छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर सेन्सॉरची नजर असे, लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटत नसे. जाहीर सभेला बंदी होती. म्हणूनच १८ जून १९४६ला राममनोहर लोहिया मडगावात नुसते बोलायला उभे राहिले, एवढीच गोष्ट बंड ठरली. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांनी ‘गोमंतकीयांचे विराष्ट्रीकरण’ या विषयावर पुस्तिका लिहिली होती. त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधल्या किल्ल्यात नेऊन ठेवले. अखंड राष्ट्राच्या एका प्रांतातला नागरिक दुसऱ्या प्रांतात कैदी म्हणून जात होता, आणि बहुतेकांच्या वाट्याला त्या अखंडतेचा अनुभव याच वाटेने आला.

इतिहासाचा आधार घेऊन पोर्तुगाल कोर्टातही गेला होता, आणि ती कथा मराठी वाचकाने जरा सावकाश वाचण्यासारखी आहे. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली हे दमणपासून तुटलेले, चारी बाजूंनी भारताने वेढलेले तुकडे स्वयंसेवकांनी मुक्त केले. भारताने पोर्तुगीज सैन्याला आपल्या हद्दीतून तिकडे जाऊ दिले नाही. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाची अधिकारकक्षा मान्य केली आणि तीनच दिवसांनी भारतावर दावा ठोकला. हेगमध्ये जो वाद रंगला त्याचे मूळ पुण्यात होते. १७७९चा पेशवे-पोर्तुगीज तह, आणि त्यानंतरच्या १७८३ व १७८५च्या सनदा. तहाप्रमाणे मराठ्यांनी पोर्तुगीजांना वर्षाकाठी बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे दिली होती. पोर्तुगाल म्हणत होता, हे सार्वभौमत्वाचे दान आहे. भारताचे म्हणणे, हा तर सरंजाम आहे, जहागीर आहे. महसूल खा, पण मालक आम्हीच. पेशव्यांच्या दफ्तरातले ‘सरंजाम’ आणि ‘जहागीर’ हे शब्द हेगच्या पीस पॅलेसमध्ये जगभरच्या न्यायमूर्तींसमोर फोडून-फोडून तपासले गेले. भारताच्या वतीने अॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि भारताने नेमलेले तात्पुरते न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला. मराठ्यांनी महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, हे न्यायालयाने मानले. पण पुढे म्हटले की, मराठ्यांनंतर आलेल्या ब्रिटिशांनी आणि मग भारताने त्या गावांवरची पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात मान्य केली होती. म्हणून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट देण्याचा रिवाज बंधनकारक, सैन्य आणि शस्त्रांना मात्र नाही. आणि १९५४च्या तणावात भारताने वाट अडवली यात त्याच्या हातून कर्तव्यभंग झालेला नाही.

निकाल दोघांनाही आपापला विजय वाटला. मला त्यात जुन्या हक्काच्या युक्तिवादाची मर्यादा दिसते. मूळ कागदात नसलेले सार्वभौमत्व नुसत्या वहिवाटीने तयार झाले, असे न्यायालय म्हणाले. मग वहिवाटीने तयार झालेली गोष्ट वहिवाट मोडली की संपते का? दीडशे वर्षांच्या मौनाला वजन आहे, तर त्या मौनात दडपलेल्या माणसांचे काय? न्यायालयाला हे कुणी विचारलेच नव्हते. सरंजाम कुणाचा, एवढेच विचारले होते. सरंजामातल्या रयतेचा उल्लेख फक्त महसुलाच्या आकड्यात. भारतही हीच भाषा बोलत होता, हे विसरून चालणार नाही. ऑगस्ट १९६१मध्ये दादरा-नगर हवेली भारतात सामील करायची वेळ आली, तेव्हा करारावर सही करायला कुणी तरी सार्वभौम हवा म्हणून एका भारतीय सनदी अधिकाऱ्याला, के. जी. बदलानींना, एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान करण्यात आले. कायद्याचे सोवळे पाळण्याची हौस लिस्बनला होती तशी दिल्लीलाही होती.

आता स्टीव्हन्सन यांचे पंचांग. ते १९४५ला, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेबरोबर सुरू होते, आणि त्याच्या आधीचे सारे त्याच्या लेखी पुराण. ही टिंगल नाही. दोन महायुद्धांत कोट्यवधी माणसे मेल्यानंतर सनदेच्या कर्त्यांनी जाणूनबुजून ठरवले की, जुन्या अन्यायांचा हिशेब तलवारीने चुकता करायचा नाही. सनदेच्या दुसऱ्या कलमाचा तिसरा आणि चौथा परिच्छेद हेच सांगतात: तंटे शांततेने सोडवा, कुणाच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळ वापरू नका. स्टीव्हन्सन यांचा मुद्दा असा की, चांगल्या हेतूसाठी बळ चालेल असे एकदा मान्य केले, की प्रत्येक देश आपला हेतू स्वतःच तपासून स्वतःच पास करणार. या मुद्द्याला उत्तर नाही असे नाही, पण ते सोपेही नाही. आणि गोव्याबद्दल लिहिताना आपल्याकडे तो सहसा मांडलाच जात नाही, थट्टेवारी नेला जातो.

थट्टेला निमित्तही त्यांनीच दिले होते. १९६१मध्येच, १५ एप्रिलला, त्याच संयुक्त राष्ट्रांत, याच स्टीव्हन्सन यांनी एका विमानाचा फोटो उंच धरून सांगितले होते की, क्यूबावर बॉम्ब टाकणारी विमाने कास्त्रोच्याच हवाई दलातून फुटून आलेल्यांची आहेत. विमाने अमेरिकी गुप्तहेर खात्याची होती, वरचा रंग तेवढा क्यूबाचा. स्टीव्हन्सन यांना हे खुद्द त्यांच्या सरकारने सांगितले नव्हते, आणि ती गोष्ट त्यांना जन्मभर लागून राहिली. मार्च १९६१मध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने रशियाच्या बरोबरीने पोर्तुगालविरुद्ध मतही दिले होते. मग लिस्बनने अझोर्स बेटांवरच्या हवाई तळाची आठवण करून दिली. त्या तळाचा करार १९६२च्या अखेरीला संपणार होता. ब्रिटन आणि फ्रान्स यांना तर सुएझवर चाल करून पाचच वर्षे झाली होती, आणि भारताच्या मदतीला धावलेल्या रशियाने त्याच १९५६ सालात हंगेरीत रणगाडे घातले होते. म्हणजे परिषदेत सनदेची भाषा बोलणारा एकही मोठा देश स्वच्छ हातांनी आलेला नव्हता. पण एवढ्याने तत्त्व खोटे ठरत नाही. चोराने चोरी वाईट म्हटले म्हणून चोरी चांगली होत नाही. पंचांग चुकीचे आहे का, हा प्रश्न वेगळा आणि ते सांगणारा भटजी कसा आहे, हा वेगळा.

तिसरे पंचांग सर्वांत नवे. १९६० या एका वर्षात सतरा नवे देश संयुक्त राष्ट्रांत आले, त्यांतले सोळा आफ्रिकेतले. १९४५ची सनद लिहिली गेली तेव्हा हे देश कुणाच्या तरी नकाशावरचे रंग होते. १४ डिसेंबर १९६०ला आमसभेने १५१४ क्रमांकाचा ठराव केला: परकी सत्तेखाली लोकांना ठेवणे हाच सनदेचा भंग आहे. बाजूने ८९, विरोधात कुणी नाही, नऊ तटस्थ. तटस्थांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि अर्थात पोर्तुगाल. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालच्या वसाहतींची नावे घेणारा वेगळा ठराव झाला आणि त्यात गोवाही होता. या नव्या देशांच्या दृष्टीने वसाहतवाद हे थांबलेले जुने पाप नव्हते. ते रोज नव्याने होणारे आक्रमण होते, आणि त्याला हुसकावणे म्हणजे स्वसंरक्षण. ऑक्टोबर १९६१मध्ये पोर्तुगीज वसाहतींवर दिल्लीत परिषद भरली, तेव्हा आफ्रिकी पुढाऱ्यांनी नेहरूंना तोंडावर सांगितले की, अंगोला आणि मोझांबिकची कुलुपे उघडण्याची किल्ली गोवा आहे आणि ती तुम्ही खिशात घालून बसला आहात. झा परिषदेत जे बोलले, ते या पंचांगातून वाचून दाखवलेले होते.

नेहरूंची पंचाईत अशी की, त्यांच्यापाशी आणखी एक, घरचे पंचांग होते. साधनशुचितेचे. १९४९मध्ये लिस्बनमध्ये वकिलात उघडून, बोलणी मागून, नकार ऐकून १९५३मध्ये ती बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक माणसे मेली. महाराष्ट्रातून ना. ग. गोरे, मधू लिमये यांच्यासारखे लोक आधीच आग्वादच्या तुरुंगात होते. देश पेटला असताना नेहरूंनी सैन्य पाठवले नाही. उलट सामुदायिक सत्याग्रहच थांबवला आणि आर्थिक नाकेबंदी केली. महाराष्ट्रात त्यांना याबद्दल फार शिव्या बसल्या. मग सहा वर्षांनी तेच सैन्य गेले, तेव्हा जगाला आठवले की हाच माणूस आम्हाला शांततेचे धडे देत होता. केनेडींनी भारतीय राजदूत बी. के. नेहरूंना ऐकवले की, लोक म्हणतात, प्रवचनकार कुंटणखान्यातून बाहेर पडताना सापडला. टोला जिव्हारी लागणारा होता, कारण त्यात थोडे खरे होते. भारताने इतरांना ज्या मापाने मोजले त्याच मापाने त्याला मोजले जात होते. सुएझच्या वेळी मोठा आवाज आणि हंगेरीच्या वेळी घसा बसलेला, ही आठवणही ताजी होती.

इथे दोन आक्षेप विचारात घ्यायला हवेत. पहिला त्याच वेळी घेतला गेला: फेब्रुवारी १९६२च्या निवडणुका दारात होत्या, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते, आणि गोवा हा त्यांचा प्रचार होता. निवडणुकीचा विचार कुणाच्याच डोक्यात नसेल, हे मानणे भाबडेपणाचे. पण नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून प्रवासी बोटीवर गोळीबार झाला आणि एक मच्छीमार मारला गेला, ते निवडणुकीच्या वेळापत्रकाप्रमाणे झाले नव्हते. आफ्रिकी देशांचा दबावही दिल्लीने तयार केलेला नव्हता. हेतू मिश्र होते, एवढेच म्हणता येईल, आणि आजवर ज्याचा हेतू निर्मळ होता असा एकही सशस्त्र हस्तक्षेप मला माहीत नाही. हेतूच्या शुद्धतेवर न्याय तोलायचा झाला तर जगातला कुठलाच हस्तक्षेप पास होणार नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. तुम्ही काळाचा हिशेब मागे नेलात. आता कुणीही नेईल. याचा पुरावा दुसऱ्याच दिवशी मिळाला. १९ डिसेंबर १९६१ला, गोव्यात शरणागती होत होती त्याच तारखेला, इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्नो यांनी योग्यकार्तात डचांच्या ताब्यातली पश्चिम न्यू गिनी घेण्याची मोहीम जाहीर केली. पुढे ती इंडोनेशियाला मिळाली. तिथल्या पापुआ लोकांना हवी होती का, हा प्रश्न आजही मिटलेला नाही. १९७५च्या डिसेंबरात इंडोनेशियाने पोर्तुगालच्याच दुसऱ्या वसाहतीत, पूर्व तिमोरमध्ये सैन्य घातले. भाषा ओळखीची होती. १९९९मध्ये लोकांना विचारले गेले, तेव्हा ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्य मागितले. एप्रिल १९८२मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली, तीही १८३३चा अन्याय दूर करायला. स्टीव्हन्सन यांना जी भीती होती ती पोकळ नव्हती, असे या यादीवरून वाटते.

पण याच उदाहरणांत उत्तरही आहे. गोवा आणि फॉकलंड यांच्यातला फरक तारखेचा नाही. १५१० आणि १८३३ दोन्ही जुनीच. फरक तिथे राहणाऱ्या माणसांचा आहे. फॉकलंडच्या बेटकरांना अर्जेंटिना नको होता, आणि सुरक्षा परिषदेने दहा विरुद्ध एक मताने माघारीचा ठराव केला तेव्हा वसाहतवादविरोधी देशांचीही मते त्यात होती. पूर्व तिमोरच्या लोकांना इंडोनेशिया नको होता. गोव्यात मात्र दहा-पंधरा वर्षे लोक तुरुंगात जात होते, मार खात होते, कुन्हा आणि तेलो मास्कारेन्हस यांच्यासारखे लेखक आणि मोहन रानडे यांच्यासारखे मराठी शाळामास्तर. हा पुरावा भारताच्या हाती होता. आणि माझी तक्रार अशी की, १८ डिसेंबरच्या रात्री भारताचा भर त्यावर नव्हता. झा प्रामुख्याने भूमीबद्दल बोलले: गोवा भारताचा भाग आहे, म्हणून आपल्याच भूमीवर आक्रमण होऊ शकत नाही. पोर्तुगालही भूमीबद्दलच बोलत होता. वेगळ्या पंचांगांचे दोन जोशी, पण कुंडली दोघांनीही जमिनीची मांडली.

लोकांना विचारा, असे कुणी म्हटले असते तर दिल्लीला ते अडचणीचे गेले असते, हे उघड आहे. गोव्यात भारतात येण्याबद्दल कधीच सार्वमत झाले नाही. काश्मीरचा प्रश्न समोर असताना भारत असे उदाहरण घालून देणार नव्हता. डिसेंबर १९६३मध्ये पहिली निवडणूक झाली, तेव्हा सैन्य पाठवणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, जी एक मिळाली ती दमणची. लोकांनी दिल्लीचे आभार मानले नाहीत, पण पोर्तुगालला परत बोलावणाराही कुणी निवडून आला नाही. भांडण महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष आणि युनायटेड गोवन्स यांच्यात, महाराष्ट्रात जायचे की वेगळे राहायचे यावर होते. त्या भांडणासाठी मात्र १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल घेतला गेला. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. म्हणजे भारतात की बाहेर, हे लोकांना न विचारता ठरले, आणि महाराष्ट्रात की बाहेर, हे विचारून. मराठी मनाला हा निकाल लागला, पण त्या पेटीत गोमंतकीयांचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा आकड्यांत मोजला गेला.

आणि नव्या देशांच्या पंचांगालाही किती पाने होती, हे दहाच वर्षांत कळले. ७ डिसेंबर १९७१ला आमसभेत पूर्व पाकिस्तानच्या प्रश्नावर मतदान झाले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, १९७०च्या निवडणुकीत तिथल्या लोकांनी आपला कौल स्पष्ट दिला होता. लोकांच्या साक्षीचा निकष लावला तर ही बाजू गोव्यापेक्षा कितीतरी भक्कम. तरी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला १०४ मते पडली, विरोधात ११. गोव्याच्या वेळी पाठ थोपटणारे कितीतरी आफ्रिकी आणि आशियाई देश या वेळी भारताच्या विरुद्ध उभे होते. कारण त्यांच्या पंचांगात वसाहतवाद म्हणजे समुद्र ओलांडून आलेली गोरी सत्ता. खारे पाणी मधे नसेल तर जुलूम हा त्या देशाचा घरचा मामला. आणि स्वतंत्र झाल्याच्या दिवशी ज्या सीमा मिळाल्या त्या गोठल्या, कारण जवळपास प्रत्येकाच्या घरात एखादा पूर्व बंगाल होता. भारतानेही पुढे तीच रेघ ओढली. १९७९मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात सामील होताना त्याने लेखी नोंद केली की, स्वयंनिर्णयाचा हक्क परकी सत्तेखालच्या लोकांपुरता, सार्वभौम राष्ट्राच्या एखाद्या भागाला तो नाही.

१९९९च्या मार्चमध्ये खुर्च्या बदलल्या. कोसोव्होतल्या अल्बेनियन लोकांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी म्हणून नाटोने सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता युगोस्लाव्हियावर बॉम्बहल्ले सुरू केले. कायद्यात बसत नाही, पण न्याय्य आहे, असा पश्चिमेचा सूर होता. सनद असो वा नसो, हे झा यांचे शब्द आता वॉशिंग्टन आणि लंडन आपल्या भाषेत बोलत होते. हल्ले थांबवा असा ठराव २६ मार्चला रशियाने आणला, त्याच्या सहप्रस्तावकांत भारत होता, आणि भारताचा प्रतिनिधी सनदेच्या पावित्र्यावर जे बोलला ते स्टीव्हन्सन यांनी सुखाने ऐकले असते. ठरावाला तीन मते मिळाली, विरोधात बारा. कोसोव्होतल्या माणसांची साक्ष काढण्याची गरज भारताला वाटली नाही, आणि १९६१मध्ये गोव्यातल्या माणसांची साक्ष काढायची गरज अमेरिकेला वाटली नव्हती.

पोर्तुगालचे जुने पंचांग सालाझारच्या मरणानंतरही चालू राहिले. गोवा गेल्यावरही लिस्बनच्या कायद्यात तो प्रांतच होता. मोहन रानडे यांना लिस्बनजवळच्या तुरुंगातून सुटायला जानेवारी १९६९ उजाडला. ज्या प्रदेशासाठी ते आत गेले तो सात वर्षांपूर्वीच मुक्त झाला होता. १९७४च्या एप्रिलमध्ये लिस्बनमध्ये राजवट उलथली, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिस यांनी दिल्लीत करारावर सही करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. एक पान तरीही फाडायचे राहिले. १९६१च्या डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस पोर्तुगीज कायद्याने पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतो, आणि त्याच्या धाग्याने त्याची मुले-नातवंडेही. सासष्टीतल्या किंवा बार्देशातल्या एखाद्या घरात आजोबांचा जुना पोर्तुगीज जन्मदाखला कपाटातून निघतो, लिस्बनच्या नोंदणी कचेरीत जातो, आणि तिथला कारकून त्यावरची तारीख तपासतो.